खुर्चीकाकांनी पकडून आणलेले प्रेक्षक

खुर्चीकाकांना कलेतलं ओ की ठो कळत नसे. नाटक चांगलं की वाईट हे ते एकाच गोष्टीवरून ठरवत: खुर्च्या किती भरल्या. राजाजीनगरातल्या एका लहानशा मराठी मंडळाचे ते चिटणीस. एकपात्री प्रयोग घेऊन गावोगाव हिंडणारे माझ्यासारखे लोक बेंगळुरूत गेले की त्यांच्या तावडीत सापडत. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण रिकामी खुर्ची दिसली की ते असे कासावीस होत की आम्हा नाटकवाल्यांत त्यांना हेच नाव पडलं होतं.

माझं नाटक म्हणजे बायको गेल्यावर एकट्या राहिलेल्या माणसाचा एक दिवस. खुर्चीकाकांनी मंडळाच्या ग्रुपवर त्याची जाहिरात केली ती अशी: ‘पोट धरून हसा! नंतर साबुदाणा वडा.’ मी भडकून फोन केला तर म्हणाले, “अरे बाबा, दुःखाचं आहे म्हटलं तर कोण येतंय रे? एकदा आत बसले की मग तू रडव की. दार मी बाहेरनं धरतो.”

स्टेशनवर घ्यायला स्वतः येत, तेही स्कूटरवरून. माझी ट्रंक पायांत कोंबून वाटेत दिसेल त्याला थांबवून सांगत, “पुण्याचे हं हे. टीव्हीवर येतात.” मी जन्मात टीव्हीवर आलो नव्हतो. तसं सांगितलं तर म्हणत, “येशील की. आत्ताच सांगून ठेवलं तर काय बिघडलं?” प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून ते पहिल्या दहा मिनिटांत झोपत. नंतर विचारलं की, “डोळे मिटून ऐकत होतो,” हे ठरलेलं उत्तर. घोरणं कशात मोडतं हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या शनिवारी मी आधीच वैतागून गेलो होतो. पुण्यातल्या जाणकारांनी माझ्या नाटकातल्या शांततेवर भरभरून लिहिलं होतं आणि तिकीट काढून कुणीही आलं नव्हतं. दोन गावचे प्रयोग रद्द झाले होते. मेहुण्यानं त्याच्या ऑफिसात नोकरी बघून ठेवली होती. हा एक प्रयोग करायचा, तो पडला की ट्रंक माळ्यावर टाकायची आणि सोमवारी मेहुण्याला होकार कळवायचा, असं मी ठरवूनच निघालो होतो.

आणि प्रयोग पडणार हे पडदा उघडायच्या आधीच दिसलं. महादेवपुऱ्यातल्या आयटीवाल्या पोरापोरींनी ग्रुपवर ‘नक्की येणार’ म्हणून अंगठे उठवले होते. ऐन वेळी सगळ्यांचे एकसारखे निरोप आले, हेब्बाळला ट्रॅफिकमध्ये अडकलोय. बहुतेक जण घरच्या सोफ्यावरच अडकले असावेत. मराठीचं कसं होणार म्हणून रोज गळा काढणारी हीच मंडळी. हॉलमध्ये कमिटीचे चार लोक आणि वड्यांचा वास. मी मेकअप पुसायला घेतला. म्हटलं, “काका, मी प्रयोग करत नाही.”

“स्वल्प दम धर की रे,” म्हणत ते नाहीसे झाले.

परत आले ते माणसांचा घोळका घेऊन. त्यांच्या घराखाली राहणारी अज्जी, गळ्यात टेप लटकत असलेला शिंपी, समोरचा नारळवाला, लग्नाच्या रिसेप्शनला निघालेलं एक आख्खं कुटुंब भरजरी कपड्यांत. सगळे कानडी.

“काका, यांना मराठी येतं?”

“मराठी कशाला पाहिजे? समोर माणूस बसलाय एवढं कळतंय की त्यांना.”

“अहो, हे भाषेचं नाटक आहे!”

“असू दे. हातातली कामं टाकून आलीत माणसं. आता त्यांना घरी जावा म्हणून तूच सांग. मला नाही सांगता येत.”

मलाही आलं नाही. मनात लाखोली वाहत मी स्टेजवर गेलो आणि दात-ओठ खात नाटक रेटू लागलो. विनोदाला सगळे गप्प. मी पायजम्याची नाडी शोधत होतो तिथे नारळवाला खो खो हसला. खुर्चीकाका वेळेवर झोपले.

शेवटी तो माणूस रिकामं ताट घेऊन बसतो. “भूक नाही,” म्हणतो आणि बसून राहतो. जाणकारांना भावलेली ती हीच शांतता. पुण्यात या जागी लोक खोकत. इथे दुसऱ्या रांगेतून अज्जीचा आवाज आला, “अय्यो पापा! ऊट माडप्पा!” अरेरे, जेव रे बाळा. खुर्चीकाका दचकून उठले आणि तिला गप्प करू लागले. ती कसली ऐकतेय! ती उभी राहिली आणि मला हातानं घास घेऊन दाखवू लागली. शिंपीही म्हणाला, “माडी सार, ऊट माडी.” मी त्या रिकाम्या ताटातला घास उचलला, तोंडात घातला आणि चावता चावता रडलो. लिहिलेल्या नाटकात हे नव्हतं. आता आहे.

नंतर अज्जीनं माझी हनुवटी धरून काहीतरी विचारलं. काकांनी सांगितलं, “विचारते, ह्याला घरी कोण आहे बघायला?” आणि लगेच पुढे, “बघ, निम्म्या खुर्च्या भरल्या की नाही?” या माणसाला सगळ्या संध्याकाळीतनं एवढंच कळलं होतं. मला त्यांचा गळा धरावा की त्यांच्या गळ्यात पडावं हे कळेना. मी वडा खाल्ला. सोमवारी मेहुण्याला नाही म्हणून कळवलं.

पुढे कुठेही माझा प्रयोग असला की काकांचा फोन येई. “कसा झाला?” हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. “किती आले?” एवढंच. शेवटचा फोन हॉस्पिटलातून होता, बोलताना त्यांना धाप लागत होती. त्या दिवशी जेमतेम सहा माणसं होती. पण आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, “हाउसफुल्ल, काका.”

“खोटं बोलतोयस,” ते म्हणाले. “पण केलास ना?”

“केला.”

“सरी, बरं. मग झालं.”

त्याच आठवड्यात ते गेले. कलेतलं त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. मी मात्र त्या शनिवारपासून एकही प्रयोग रद्द केलेला नाही.