सासूच्या हाताचं माप

चिंचवड स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमचं घर होतं. पुढची खोली रस्त्याला लागून होती. त्या खोलीत माझ्या वहिनीने दुकान काढलं होतं. चाकणच्या कुंभाराचे माठ, धनगरांची घोंगडी, पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातल्या सिंधी बायकांनी भरलेले अभ्रे, बुरुडांची सुपं आणि रोवळ्या. लांबचा माल ती ठेवत नसे. प्रत्येक वस्तूला सुतळीने चिठ्ठी बांधलेली असे: गाव कोणतं, केलं कोणी. गिऱ्हाईक चिठ्ठी वाचत नसे. वहिनी वाचून दाखवी.

भावाने तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. पत्र्याच्या ट्रंका करणाऱ्या एका व्यापाऱ्याने खोली मागितली होती. पलीकडच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता, कामगार येत होते आणि प्रत्येकाला ट्रंक लागणार होती.

"दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर ठीक," भाऊ म्हणाला. "नाहीतर खोली त्याची."

वहिनी "बरं" म्हणाली. त्या दिवसापासून ती दुकानात बसेनाशी झाली. उभी असे. माठ डावीकडून उजवीकडे नेई, संध्याकाळी पुन्हा डावीकडे आणी.

नवरात्राच्या आधी कारखान्याचा स्टोअरकीपर आला. त्याला बाटल्या ठेवायला साठ टोपल्या हव्या होत्या. नमुन्याची एक टोपली त्याने सोबत आणली होती. "अगदी अशाच, बाई. रॅक तयार आहेत."

तीस टोपल्या वहिनीने चिंचवडच्याच बुरुडाला सांगितल्या आणि नमुना त्याच्याकडे दिला. उरलेल्या तीस कुरुळीच्या एका म्हातारीला द्यायच्या होत्या. म्हातारी आणि तिची सून, दोघी विणत. पण नमुना एकच. म्हणून तो देण्याआधी वहिनीने टोपलीच्या तोंडावर वीत टाकली.

"दोन वीत. बरोब्बर दोन."

मी ते कागदावर लिहून घेतलं आणि रविवारी सायकलवरून भोसरी, मोशी करत कुरुळीला जाऊन सांगून आलो. त्या वेळी मी पुण्याच्या एका दैनिकात मुद्रितं तपासत होतो. आकडा चुकू द्यायचा नाही, हे माझं काम होतं. आकडा चुकला नव्हता.

टोपल्या बैलगाडीतून कारखान्यात गेल्या. रॅकला फळ्या नव्हत्या, लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या. टोपली त्यांच्यात घालायची आणि ती काठावर लटकायची. चिंचवडच्या तीसही टोपल्या लटकल्या. कुरुळीची पहिली टोपली स्टोअरकीपरने हातातून सोडली, ती पट्ट्यांमधून सरळ खाली जमिनीवर गेली. दुसरीही गेली. तिसरी त्याने सोडलीच नाही.

"बाई, या कोंबड्या झाकायला न्या," तो म्हणाला. शेजारचे दोन कामगार हसले. मग त्याने दहा दिवस दिले. साठ पूर्ण झाल्याशिवाय एकीचेही पैसे देणार नव्हता.

कुरुळीच्या तीस टोपल्या दुकानात परत आल्या आणि चालायला जागा उरली नाही. भाऊ उंबऱ्यात आला, त्याने एकदा आत पाहिलं आणि तो निघून गेला. त्याने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीने नमुन्याच्या तोंडाएवढी काठी तोडून घेतली. मी रजा टाकली. भोसरीहून एस.टी. धरून आम्ही कुरुळीला गेलो. बसमध्ये तिने ती काठी मांडीवर आडवी धरली होती आणि सारखी तिच्या टोकांवरून बोट फिरवत होती.

म्हातारी अंगणात कळक चिरत बसली होती. वहिनीने काय झालं ते सांगितलं आणि काठी पुढे केली.

"ही ठेवा. हिच्यावर घाला."

"ह्ये कशाला?" म्हातारी म्हणाली. "हात हाय की मला. पन्नास वरसं ह्याच वितीनं इणतीया. तुमच्या भाऊजींनी दोन वीत सांगितली, म्या दोन वीत केली. खोटं हाय का?"

"खोटं नाही हो मावशी."

"मंग?"

वहिनीने आपला पंजा म्हातारीच्या पंजाशेजारी जमिनीवर पसरला. म्हातारीचा हात आखूड होता, करंगळी वाकून आत गेली होती. सगळ्यांनी ते दोन हात पाहिले.

"पण सूनबाईंचा हात तर मोठा दिसतोय," मी म्हणालो. "निम्म्या टोपल्या त्यांच्या. त्या कशा लहान आल्या?"

सून दारात उभी होती. "आमच्या घरात सगळ्यांला येकच हात हाय, भाऊ," ती म्हणाली. "बूड इणून झालं की आत्याबाईस्नी हाक मारायची. त्यांनी वीत लावल्याबिगर काठ उचलायचा न्हाई. माज्या हाताला माप न्हाई, नुसतं काम हाय."

"लई बोलतीस," म्हातारी म्हणाली.

वहिनी काठी धरूनच उभी होती. दिवस नऊ उरले होते. तिने काठी पुन्हा पुढे केली नाही, मागेही घेतली नाही. शेवटी म्हातारीने ती ओढून घेतली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर वीत टाकत गेली. एक, दोन. उरलेल्या लांबीवर तिने बोटं जोडून ठेवली.

"दोन वीत नि तीन बोटं," ती म्हणाली आणि काठी वहिनीला परत दिली. "आसं सांगायचं व्हतं."

काठी ठेवून घ्यावी म्हणून वहिनीने आणखी एकदा आर्जव केलं. म्हातारी कळक चिरायला लागली होती.

नवव्या दिवशी टोपल्या आल्या. वहिनीने दुकानाच्या दारातच प्रत्येकीवर काठी आडवी धरून पाहिली. एकही लहान किंवा मोठी नव्हती. कारखान्यात साठही लटकल्या. स्टोअरकीपरने कागदावर सही केली आणि पुढच्या खेपेला पत्र्याच्या पेट्या मागवणार असल्याचं सांगितलं.

घरी आल्यावर भावाने विचारलं, "पास?"

"पास."

"पुढची ऑर्डर?"

"नाही."

तो दुकानाच्या खोलीत गेला. परत आलेल्या लहान टोपल्यांपैकी अकरा अजून भिंतीशी होत्या. एकोणीस कोंबड्या झाकायला विकल्या गेल्या होत्या, हे वहिनीने त्याला सांगितलं. धनत्रयोदशीच्या आधी भावाने बोलावलेला सुतार आला आणि त्याने खोलीच्या मधोमध फळ्यांची भिंत घातली. रस्त्याकडचा एक दरवाजा ट्रंकवाल्याला मिळाला, दुसरा वहिनीला.

तिने सुपं त्या फळ्यांवर खिळे मारून टांगली. पलीकडे पत्रा ठोकायला सुरुवात झाली की ती थरथरत आणि चिठ्ठ्या हलत. दिवसभरात दोन-तीन सुपं खाली पडत. वहिनी ती उचलून पुन्हा टांगी आणि ठोकणं थांबेपर्यंत तिथेच उभी राही.