समोरच्या घरचा फोन

कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. सरकारी मक्तेदारी संपली तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं थांबणं संपलं, असं मी फळ्यावर लिहिते आणि मुली उतरवून घेतात. त्यात चूक काहीच नाही. फक्त त्या वेळी आमच्या चेरीतालच्या गल्लीत ते थांबणं संपू नये असं वाटणारी मी एकटीच होते.

बाबा टेलिफोन खात्यात, म्हणून गल्लीतला एकुलता फोन आमच्याकडे. समोरच्या आंटींनी आमचा नंबर सगळ्या नातेवाइकांना दिलेला, पुढे ‘पी.पी.’ लिहून, म्हणजे शेजाऱ्यांचा. सिहोऱ्याहून त्यांच्या बहिणीचा फोन आला की बोलवायला मी धावायची. आपणहून कोणाकडे जाणारी मी नव्हते. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, घरात मराठी, आणि तिन्हींत मी गप्पच. पण फोनचं निमित्त असलं की थेट त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जायची. “तुम दोनों दूध देखना,” म्हणत आंटी निघायच्या. त्या बोलून परत येईपर्यंत मी त्यांच्या मुलीशेजारी ओट्याला टेकून उभी असायची. ती बोलायची, मी ऐकायची. माझी मैत्री म्हणायची ती एवढीच.

मग एकदा जेवताना बाबा म्हणाले, “नवी पॉलिसी आली. खाजगी कंपन्या येऊन राहिल्या, म्हणून आपलं खातंही आता भराभर वेटिंग संपवून राहिलं.”

“समोरच्यांचा नंबर लागेल?”

“या महिन्यातच. काहून गं?”

“असंच.”

आई हसली. “चलो, हिची ड्यूटी सुटली!”

लागला. आंटींनी पेढे आणून दिले. त्यानंतर आमच्याकडे फोन वाजला की तो आमचाच असायचा.

एका दुपारी मी नुसतीच गेले. आंटींनी दार उघडलं आणि सवयीनं चपला पायात सरकवल्या.

“किसका फोन है?”

“किसी का नहीं.”

“अच्छा? तो हमारा बंद पड़ा है क्या?” त्या लगबगीनं आत गेल्या, रिसीव्हर कानाला लावला. “चालू तो है,” म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

आतून त्यांच्या मुलीचं हसणं ऐकू येत होतं. कोणीतरी मैत्रीण आली असावी.

“पापा ने पूछने भेजा था,” मी म्हटलं. “लाइन ठीक है ना?”

“एकदम बढ़िया! थैंक्यू बोलना उनको.”

मी हो म्हटलं आणि घरी आले.