पांदणीच्या तोंडाशी बंद पडणारी गाडी

या सदरात छापून येणारे अनुभव मी आजवर लाल पेन हातात घेऊन वाचत आलो आहे. ‘कोणीतरी पाहिले’, ‘असे म्हणतात’, ‘भास झाला असावा’ – असल्या वाक्यांना पुराव्याच्या जगात काडीची किंमत नसते, असे ठणकावणारी माझी दोन निषेधपत्रे संपादकांच्या कपाटात पडून असतील. ती आज मी मागे घेत आहे. याचा अर्थ माझा अशा गोष्टींवर विश्वास बसला, असा मात्र कृपया काढू नये. जे घडले, त्याला साक्षीदार आहे, नोंद आहे आणि लाखेची मोहोर आहे. नाही ते फक्त कारण.

मी जिंतूरला दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. चारठाण्याच्या पुढे आमचे थोडे शेत आहे. डांबरी सडक सोडली की शेतापर्यंत पांदण – काळ्या मातीची, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. ती पक्की व्हावी म्हणून मी इतके अर्ज केले आहेत की कचेरीतले शिपाई मला पाहताच आवक-जावकचे रजिस्टर उघडतात. उत्तर एकच – ‘प्रकरण विचाराधीन’. शेवटी, एका सरकारी खात्याच्या लिलावात निघालेली जुनी डिझेल जीप मी घेतली. चारही चाकांना जोर मिळणारी, फोर-व्हील.

तिची एक खोड वाचकांनी समजून घ्यायला हवी, कारण सारे प्रकरण तिच्यावर उभे आहे. नव्या गाड्यांत बटण दाबले की चारही चाके कामाला लागतात. आमच्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी एकेक चकती आहे. तिला हब म्हणतात. गाडी थांबवून, खाली उतरून, दोन्ही हब हाताने ‘फ्री’वरून ‘लॉक’वर फिरवावे लागतात. त्याशिवाय आतला फोर-व्हीलचा दांडा कितीही ओढा, पुढची चाके नुसती मागून ढकलली जातात.

हे काम सुमनचे, म्हणजे माझ्या पत्नीचे. सडक संपून पांदण सुरू होते तिथे एक बाभूळ आहे. तिथे मी इंजिन बंद करायचो. ती उतरायची, डावा हब फिरवायची, गाडीच्या समोरून सावकाश वळसा घालून उजवा फिरवायची आणि बॉनेटवर दोन टिचक्या मारायची. म्हणजे, चला. मी पांदणीवरून यंत्रणेला शिव्या देत असलो की म्हणायची, “अहो, रस्ता व्हायचा तेव्हा होईल. तोवर मी उतरते की.”

ती जाऊन तीन वर्षे झाली.

मागच्या हिवाळ्यात गाडी बंद पडू लागली. नेमकी त्याच बाभळीखाली. सडकेवर मी साठच्या वेगाने आलो तरी तक्रार नाही. पांदणीच्या तोंडाशी मात्र इंजिन विझे. ‘विझे’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरत आहे. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली, तर इंजिन आधी उचक्या देते. फिल्टर तुंबला, तर ओढ कमी होते. वायर सैल असेल, तर खड्ड्यात दगा देते. इथे यातले काहीच नाही. कोणी हलकेच किल्ली फिरवावी तसे शांत... आणि मग कापसाच्या शेतावरून येणारा वारा तेवढा ऐकू येई. चार-पाच मिनिटांनी, मी मनातल्या मनात तक्रारीचा मसुदा करत असताना सहज सेल्फ मारावा, तर गाडी पहिल्या झटक्यात चालू. वर आणखी एक प्रकार – शेतात पोचून पाहावे, तर मी हात न लावताही दोन्ही हब ‘लॉक’वर.

गाडीचे सगळे काम झरीचा गफूर मिस्त्री बावीस वर्षे करतो. मी गाडीचा रोजनामा ठेवतो. तारीख, तक्रार, कारण, उपाय, आणि खाली दोघांच्या सह्या. गफूरने फिल्टर बदलला, डिझेल चढवणाऱ्या हातपंपाचे वॉशर बदलले, टाकी उतरवून धुतली, बॅटरीची टोके घासली. प्रत्येक वेळी ‘कारण’ या रकान्यात काहीतरी लिहिले आणि प्रत्येक वेळी गाडी पुन्हा तिथेच थांबली. माझी खात्री पटली, की हा मनुष्य मुद्दाम दोष ठेवतो आणि तपासणीनंतर हब तसेच लॉक सोडून देतो. बावीस वर्षांच्या भरवशाचा हा विश्वासघात, म्हणून मी पेटलो. त्याला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली – हयगय, दिशाभूल, आणि पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास ग्राहक आयोग.

तिसऱ्या दिवशी तो ती नोटीस घेऊन दारात उभा.

“पोस्टमननं सही घेतली, मला वाटलं लग्नाची पत्रिका हाय,” तो म्हणाला. हसला नाही. “पोरीकडून वाचून घेतली साहेब. दिशाभूल म्हंजे काय, तेबी तिलाच विचारलं. बापाबद्दल आसं वाचताना तिचा आवाज कसा झाला आसंल, सांगा.”

“खुलासा लेखी द्या,” मी म्हणालो.

“लेखी मला जमत न्हाई. भाभींच्या हातचं जेवलोय मी, तुमच्याशी खोटं बोलून कुठं जाऊ? एक करा. मला बाजूला बसवा अन् गाडी चालवा. थितं बंद पडली अन् माझी चूक निघाली, तर त्याच दिवशी शटर खाली वढतो. पुन्हा पान्हा हातात धरत न्हाई. अन् न्हाई निघाली...”

“तर?”

“तर तुमी झरीला या. चौकात, चार मान्सांत, ही नोटीस माझ्या हातातून परत घ्या.”

अट न्याय्य होती. मी मान्य केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच्या समक्ष, मी दोन्ही हब ‘फ्री’वर ठेवले. न्यायालयात मुद्देमालाला लावतात तसा दोरा चकतीवरून आडवा घेतला, दोन्ही टोकांवर लाख वितळवली आणि माझ्या अंगठीचा ठसा उठवला. चकती केसभर हलली, तरी दोरा तुटणार. गफूर डोक्याला हात लावून बघत होता. “हद केली साहेब. चाकाला आटक केली तुमी.”

आम्ही निघालो. धुके उतरत होते आणि ऊन अजून पिवळे झाले नव्हते. तुरीच्या शेंगांचा ओला वास येत होता. चारठाणा मागे पडले. बाभूळ दिसली. मी मुद्दाम वेग वाढवला.

इंजिन विझले.

गाडी पाण्यावरून घसरावी तशी पुढे गेली आणि बाभळीखाली उभी राहिली. गफूरने उतरून बॉनेट उघडले. स्क्रू ढिला करून हातपंप मारला. स्वच्छ डिझेल आले, एक बुडबुडा नाही. वायर ओढून पाहिल्या. इंजिन बंद करण्याची केबल पाहिली. मग दोन्ही चाकांशी वाकला. “सील हाय. फ्री हाय.” बॉनेट लावून तो शेजारी येऊन बसला.

आम्ही बसून राहिलो. किती वेळ, हे मी सांगू शकत नाही. घड्याळ हातात असून मी ते पाहिले नाही आणि असे माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा घडलेले नाही. वारा पडला होता. वेचायचा राहिलेला कापूस जागच्या जागी पांढरा. मला झोप येत नव्हती, पण जाग आहे असेही वाटत नव्हते... पाण्याखालून आभाळ बघावे, तसे काहीतरी.

डाव्या चाकाकडून आवाज आला. खट्.

गफूरने माझा दंड धरला. मग सावकाश, कोणी समोरून वळसा घालावा इतका वेळ गेला. समोर कोणी नव्हते. काचेतून फक्त पांदण आणि ऊन. उजवीकडे – खट्.

आणि बॉनेटवर दोन टिचक्या. बांगड्यांसकट.

माझा हात आपोआप किल्लीकडे गेला. गाडी चालू झाली. गफूर खाली उडी मारून चाकांपाशी गेला आणि उठेचना, म्हणून मीही उतरलो. दोन्ही हब ‘लॉक’वर होते. दोरा शाबूत होता. लाख शाबूत होती. माझा ठसा जसाच्या तसा. बॉनेटवरच्या धुळीवर गफूरच्या हातांखेरीज एक बोट उमटले नव्हते.

मी संतापलो. चाळीस वर्षे मी मोहोर म्हणजे सत्य समजून जगलो आणि माझीच मोहोर माझ्या तोंडावर खोटे बोलत होती – की खरे? कोणाला नोटीस द्यावी, कळेना.

गफूर हळू आवाजात म्हणाला, “भाभी हितंच उतरायच्या ना?”

“हो.”

“मग एवढं चिडून काय घेता साहेब? गाडी बंद पडायली न्हाई. थांबायलीय.”

तेव्हा मला जे आठवले, ते रोजनाम्यात नाही, म्हणून इथे लिहितो. तिच्या शेवटच्या पावसाळ्यात माझा अर्ज पुन्हा फेटाळला गेला होता. मी रागात होतो. बाभळीपाशी ती दाराला हात घालत असताना मी म्हणालो, “बस गप, तशीच नेतो.” थांबलो नाही. शंभर पावलांवर गाडी रुतली. सुमन चिखलात उतरली आणि बुडालेले हब चाचपून फिरवले. कोपरांपर्यंत काळी होऊन ती हसत म्हणाली, “थांबला असता, तर काय बिघडलं असतं हो?” मी तिच्यावरच ओरडलो. त्यानंतर ती शेतात आली नाही. दिवाळीच्या आत गेली.

नोटीस मी झरीच्या चौकात, चार माणसांसमोर, परत घेतली आणि माफीही मागितली. मागायची, असे अटीत नव्हते. गफूरने चहा मागवला. “मिटलं. आता पोरीला सांगतो,” एवढेच म्हणाला.

त्या दिवसाच्या नोंदीत तारीख आहे, तक्रार आहे, दोघांच्या सह्या आहेत. ‘कारण’ हा रकाना कोरा आहे. संपूर्ण वहीत तेवढाच. एका इंजिनिअर स्नेह्याने दोरा ताणला गेल्याची शक्यता सांगितली. मी त्याला तोच दोरा लावून हब फिरवायला दिला. दोरा तुटला.

आता बाभळीखाली मी स्वतःहून थांबतो. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. इंजिन बंद करतो, उतरतो, डावा हब फिरवतो, समोरून सावकाश वळसा घालून उजवा. मग बॉनेटवर दोन टिचक्या मारतो. स्टिअरिंगवर कोणी नसते. चालक मीच आहे, आणि मी तर खाली उभा. तरीही टिचक्या मारल्याशिवाय मला आत जाऊन बसता येत नाही. असे का, हेही मला लिहिता आलेले नाही.