मोडीत लिहिलेला राजीनामा

धारूरच्या आमच्या शाळेत सुट्टीची घंटा झाली, की पोरं घरी पळत आणि मास्तर पाट्या घेऊन एकमेकांसमोर बसत. कुणी उर्दू गिरवी, कुणी मराठी. ड्रिलमास्तरसुद्धा मान खाली घालून पावकीचा पाढा पाठ करी. आसपासच्या गावांतले मास्तर हसायचे, "आता म्हातारपणी गिरवताय व्हय बे?" हसू देत! तसली शाळा बीड जिल्ह्यात दुसरी नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण तिची सुरुवात माझ्या आगाऊपणातून झाली, तेही सांगायला पाहिजे.

निजामाचं राज्य, त्यामुळं वरचे वर्ग सगळे उर्दूतून. मी खालच्या वर्गांचा, मराठी नि गणित शिकवणारा. माझी उर्दू बाजारापुरती. नवे हेडमास्तर हैदराबादहून आले, त्यांना मराठी तेवढीही येत नव्हती. तरी रोज माझ्या वर्गाच्या दाराशी उभे राहून पोरांची पावकी-निमकी ऐकायचे. मला वाटायचं, हा बाबा पाळत ठेवतोय. माझं डोकं जन्माचं तापट.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि घडाघडा उर्दूत बरंच काही सांगितलं. त्यातलं मला एवढंच उमगलं, "राजीनामा लिख दीजिए, मैं तालीमात भेज दूंगा." तालीमात म्हणजे बीडची शिक्षणाची कचेरी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. का म्हणून विचारणंसुद्धा मला कमीपणाचं वाटलं. तिथंच बसून मोडीत अर्धं पान खरडलं, त्यांच्या मेजावर आपटलं. ते हसून "शुक्रिया" म्हणाले, तेव्हा तर मी आणखीच पेटलो.

घरी बायको म्हणाली, "अवो, कावून दिला? इचारायचं तरी!" मी तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर स्वतः दारात हजर. "मास्टर साहब, मदरसे नहीं आए?"

"राजीनामा दिया ना! अब काय को आना?"

"राजीनामा दिया, इसी लिए तो आना है!"

मग हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या उर्दूत राजीनामा म्हणजे 'मी राजी आहे' असं लिहून देणं. नोकरी सोडायची तर इस्तीफा. शाळा सुटल्यावर मी त्यांना मराठी आणि पावकी शिकवावी, त्यांनी मला उर्दू शिकवावी, आणि त्याला कचेरीची मंजुरी लागते म्हणून माझी लेखी संमती हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी ओट्यावर बसलो. घरात खाणारी पाच तोंडं, आणि मी आपल्या हातानं नोकरीवर पाणी सोडलेलं!

"कागज गया क्या बीड को?"

त्यांनी शेरवानीच्या खिशातून लखोटा काढला. टपाल दुपारी निघणार होतं. कागद माझ्या हातात देत म्हणाले, "मुझे मोडी नहीं आती. आप ही पढ़िए."

खालची ओळ गाळून 'नोकरी सोडतो, एवढंच लिहिलंय' असं म्हणून कागद फाडला असता, तर त्यांना काय कळणार होतं? शब्द अगदी जिभेवर आले. पण हेडमास्तर असून हा माणूस 'मला येत नाही' हे सरळ सांगत होता, आणि मी त्याचाच फायदा उठवायचा? लाज वाटली मला. घसा खाकरून वाचलं, "मी आजपासून चाकरी सोडतो. ज्याला मराठीतलं ओ की ठो कळत नाही, त्याच्या हाताखाली मी राबणार नाही." जमेल तसा अर्थही उर्दूत सांगितला.

त्यांचा चेहरा उतरला. कागद परत मागायला हात पुढं केला. मी दिला. आता हा टपालात पडणार, असं धरूनच चाललो. दाराआड बायकोनं पदर तोंडाला लावला.

हेडमास्तर माझ्या शेजारी, त्या धुळीच्या ओट्यावर बसले. कागद उलटा करून कोरी बाजू माझ्यासमोर ठेवली आणि खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिली.

"बात तो सच है," ते म्हणाले. "लिखिए. पहले ओ, फिर ठो."

मी दोन्ही अक्षरं काढली. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि ते माझ्या राजीनाम्याच्या पाठीवर, मान वाकवून, ओ गिरवायला लागले.