झांझीबारचे स्थळ

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझी थोरली बहीण तानूआक्का हिचे. आणि मी तिच्याकडून सात गुरुवार घोड्याच्या मलमाची पूजा करवून घेतली.

हे वाचायला बरे दिसत नाही, मला कळते. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमचे गाव बेळगुंदी. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी अंगठ्याखेरीज दुसरी सही केली नव्हती. आक्का लग्न होऊन निपाणीला गेली आणि दुसऱ्याच वर्षी मला शाळेसाठी आपल्याकडे घेऊन गेली. ती तंबाखूच्या वखारीत पाने निवडायला जाई आणि संध्याकाळी त्याच हातांनी माझ्या पुस्तकांना कागद चढवी. त्यामुळे मी इंग्रजीचे पुस्तक उघडले की पुढच्या बाकावरची तीन मुले शिंकत. (मास्तरांना वाटे, त्यांना इंग्रजी सोसत नाही!) असा शिंकत-शिंकवत मी मॅट्रिक झालो आणि पुढे कोल्हापूरला राहून बी.ए. झालो. पदवीचा कागद घरी आला तेव्हा आक्काने तो काचेच्या चौकटीत बसवून देव्हाऱ्याशेजारी टांगला आणि दर गुरुवारी त्याला हळदकुंकू लावायला सुरुवात केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगे, "ह्यो आमचा बापू." मी शेजारीच उभा असलो तरी बोट कागदाकडेच!

पण कागदाला हळदकुंकू मिळाले म्हणून कागदवाल्याला नोकरी मिळत नाही. सहा महिने मी वाचनालयात बसून पेपर चाळत होतो. एक दिवस एकाच पानावर दोन जाहिराती दिसल्या. दोन्ही आफ्रिकेच्या, दोन्हींत इंग्रजी शिकवणारा मास्तर हवा होता. एक नैरोबीची, मुंबईच्या 'इंपीरियल टीचर्स ब्यूरो'मार्फत, बोटभर जाड अक्षरांत. दुसरी झांझीबारच्या गुजराती व्यापारी लोकांनी काढलेल्या शाळेची, मुंगीएवढी.

घरी येऊन मी बातमी सांगितली. आक्का भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"आफ्रिका म्हंजे कुठं आलं रं?"

"समुद्रापलीकडं."

"कुठल्या समुद्राच्या? वेंगुर्ल्याच्या?"

"व्हय, त्याच."

"मग दिशा तरी वळखीची हाय. पर मानसं कशी हाईत?"

"आक्का, नोकरी हाय ती. सोयरीक न्हवं."

"तू तिथं ऱ्हाणार, तिथंच जेवणार. मार खाल्लास तर रडत माघारी याला वाट न्हाय. मग सोयरीक न्हवं तर काय रं?" मग नवऱ्याकडे वळून, "व्हय का न्हाय ओ?"

"बघू," दाजी म्हणाले. (दाजी वखारीत तोलाईचे काम करीत. काट्यावर काम करून करून त्यांना कुठल्याच बाजूला झुकता येत नसे. 'बघू' याखेरीज त्यांनी कधी मत दिलेले मला आठवत नाही.)

आता हे सांगायलाच हवे, की आक्काने गल्लीतली अकरा लग्ने जमवली होती आणि त्यांतले एकही मोडले नव्हते. तिची रीत ठरलेली. मुलाच्या गावी न कळवता जायचे. त्याच्या घरी आधी जायचेच नाही. शेजारणीकडे पाणी मागायचे, गावच्या न्हाव्याला विचारायचे, आणि विहिरीवर जरा वेळ नुसते उभे राहायचे. आफ्रिकेला जाऊन विहिरीवर उभे राहणे शक्य नव्हते, म्हणून तिने प्रश्न पत्राने विचारायचे ठरवले. ती सांगणार आणि मी इंग्रजीत लिहिणार!

"लिव. पाणी कसं हाय? बाधतंय का? लिवलंस?"

"लिवलं."

"घर गळतंय का? गळत असंल तर कुठल्या बाजूला? आन् आदीचा मास्तर का गेला? मेला का पळाला?"

"आक्का! असं कोण विचारतंय व्हय?"

"बिजवर असला तर पहिलीचं काय झालं ते आपण इचारत न्हाय? लिव गप. पोरं मास्तरला मारत्यात का? आन् शाळा चालवणाऱ्या मानसांत भांडणं किती?"

असे एकंदर चौदा प्रश्न झाले. माझे मन नैरोबीवर बसले होते, म्हणून तिथल्या पत्रातून मी चौदाच्या चौदा गाळले आणि "आपला अत्यंत आज्ञाधारक" असे लिहून पाठवले. झांझीबारला मात्र 'माझी थोरली बहीण विचारते' असे वर लिहून सगळे प्रश्न, शब्दाला शब्द! एवढे वाचून तिकडचे लोक पत्र फाडून टाकतील, झांझीबारचा विषय मिटेल आणि आक्काही गप्प बसेल, असा माझा हिशेब. बी.ए.ला मला तर्कशास्त्र होते.

आठच दिवसांत ब्यूरोचे उत्तर आले. पाकीट उघडले तर सोनेरी अक्षरे, वर सिंह, सिंहाच्या मागे माड. समुद्राकडे तोंड करून बंगला (नैरोबीला समुद्र नाही हे मला नंतर कळले. भूगोल मी मॅट्रिकलाच सोडला होता), फिरायला घोडागाडी, महाबळेश्वरासारखी हवा, विद्यार्थी नम्र. फक्त शिक्क्यासाठी पदवीचा मूळ कागद रजिस्टर पोस्टाने ताबडतोब धाडावा.

मी सगळे मराठीत वाचून दाखवले, शेवटचे वाक्य तेवढे गाळून. आक्काने ऐकले आणि मान हलवली.

"ह्यात खोट कुठं हाय?"

"खोट न्हायच, आक्का!"

"मग नको. ज्या घरात खोट सांगत न्हाईत, त्या घरात माळ्यावर कोणतरी कोंडल्यालं असतंय."

एका निरक्षर बाईने सिंहाच्या शिक्क्याला नाही म्हणावे, आणि मी बी.ए.ने ते ऐकावे? दुसऱ्या दिवशी ती वखारीत गेल्यावर मी चौकट उतरवली, पदवी काढली आणि पोस्टात नेऊन रजिस्टर केली.

आता रिकाम्या चौकटीचे काय करायचे? दाजींनी बेळगावच्या कॅम्पातल्या लिलावातून लाकडी पेटी आणली होती. तिच्या झाकणाला आतून एक जाड इंग्रजी कागद चिकटवलेला होता. भोवती वेलबुट्टी, वर दोन पदके, खाली ऐटबाज सही. माझ्या पदवीपेक्षा तो जास्त पदवीसारखा दिसत होता! पाण्याने भिजवून मी तो सोडवला आणि चौकटीत बसवला. मजकूर वाचला होता, नाही असे नाही. पण चारच दिवसांचा प्रश्न आहे, असे मला वाटले.

चार दिवसांचे सात गुरुवार झाले. ब्यूरोचे पुढचे पत्र येईना. दर गुरुवारी आक्का न्हाऊन यायची, चौकटीची काच पदराने पुसायची, हळदकुंकू लावायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची आणि मला म्हणायची, "पाया पड." मी पाया पडत होतो. गल्लीत तर बातमी पसरली होती की बापूचे आफ्रिकेत जमले, आणि तीन घरांनी मला केळवणाला बोलावले. मी खुलासा करणार होतो, पण प्रत्येक वेळी पुरणपोळी आधी आली.

आठव्या गुरुवारच्या आधी झांझीबारचे उत्तर आले. साधा रुळाचा कागद, वर सिंह नाही की माड नाही. पण चौदा प्रश्नांना चौदा उत्तरे! पाणी खारट आहे, महिन्यात सवय होते. खोली पश्चिमेच्या कोपऱ्यात गळते. आधीचा मास्तर मेला नाही, पळाला. मुले मारत नाहीत, जोडे लपवतात. मंडळात दोन पक्ष असून भांडण फक्त रविवारी होते. आणि शेवटी : आमच्या मंडळाचे हरजीवनशेठ याच बोटीने निघून तंबाखूच्या खरेदीला निपाणीस येणार आहेत, ते मास्तरांना समक्ष पाहतील.

आक्काचा चेहरा उजळला. "हे घर खरं! खोट सांगितली बघ."

मग काय, पाहण्याचाच कार्यक्रम झाला! आक्का शहापुरी लुगडे नेसून बसली. आठवा गुरुवार उजाडण्याआधीच हरजीवनशेठ आले. वीस वर्षे निपाणीला येऊन येऊन त्यांची मराठी चांगली झाली होती. दाजी सतरंजीच्या टोकाला बसले. आणि पोह्यांचे ताट घेऊन खाली मान घालून आत कोण आले असेल? मी!

"इंग्रजी बोलून दाखीव," आक्का म्हणाली.

मी बोललो. शेठ खूश झाले. इथेच थांबले असते तर मी जन्मभर सुखात राहिलो असतो. पण आक्का उठली, चौकट उतरवली आणि दोन्ही हातांनी शेठच्या मांडीवर ठेवली. "ह्यो आमचा बापू," ती म्हणाली.

शेठनी चष्मा लावला. वाचले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले.

"बेन, यात लिहिलंय, गुडघ्याला सूज आली तर सकाळ-संध्याकाळ चोळावे."

"कुणाच्या गुडघ्याला?"

"घोड्याच्या."

"आन् खाली त्ये बारीक काय लिवलंय?"

"पोटात घेऊ नये."

दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिले. ते इथे लिहिता येत नाही.

मी सगळे कबूल केले. सिंह, माड, रजिस्टर पोस्ट, पेटीचे झाकण. आक्का रागावेल, ताट फेकेल असे वाटले होते. ती फक्त काचेवरचे कुंकू बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, "मला वाचता येत न्हाय, म्हणून न्हवं?"

मी पोह्यांचे ताट उगाच शेठपुढे सरकवले.

शेठनी ते बाजूला ठेवले आणि ब्यूरोचा पत्ता विचारला. मी सांगितला. "ती माडी आमच्या मुंबईच्या पेढीसमोरच आहे," ते म्हणाले. "खाली छत्र्या दुरुस्त करणारा बसतो. वरची पाटी मागच्या महिन्यातच उतरली." पदव्या मागवून घ्यायच्या आणि परत देताना पैसे उकळायचे, असा त्या ब्यूरोचा धंदा होता म्हणे.

"म्हंजे आता बापूचं ऱ्हायलं," आक्का म्हणाली.

"कागद नसेल तर तिथलं सरकार उतरू देणार नाही. कागद मिळाला तर नोकरी पक्की."

"एवढं करूनबी?" मीच विचारले. मला राहवेना.

"मास्तर, तुम्हाला बघायला आलोच नव्हतो मी. तुमच्या बेनचं पत्र सभेत वाचलं, तेव्हा दोन्ही पक्ष पहिल्यांदा एकदम हसले. याआधी तीन मास्तर काही न विचारता आले आणि तीन महिन्यांत पळाले. ज्याच्या मागे एवढं विचारणारं माणूस आहे, तो पळून जाणार कुठं?"

"पळून आला तर मीच माघारी घालवीन की!" आक्का म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

शेठनी मुंबईला आपल्या पेढीवर तार केली. ते दहा दिवस मला कोणी जेव म्हटले नाही आणि जेवू नको असेही म्हटले नाही. अकराव्या दिवशी पुडके आले. ब्यूरोवाला पसार होताना पदव्यांचा गठ्ठा छत्रीवाल्याकडे टाकून गेला होता. माझी पदवी सापडली तेव्हा ती छत्रीच्या काड्यांना गुंडाळलेली होती. अजूनही तिची सुरळी होऊ पाहते.

बोटीला दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत मी शिकवणीला सुरुवात केली. पहिली विद्यार्थिनी तानूआक्का. रोज संध्याकाळी पाटीवर अक्षरे काढताना ती पुटपुटे, "आता बघू कोण मला घोडा दावतंय!" जोडाक्षरांपर्यंत पोचलो आणि बोट सुटली. म्हणून तिकडून मी तिला पहिले पत्र लिहिले ते मोठ्या अक्षरांत, तिला झेपेल एवढेच. ते तिने जपून ठेवले होते :

आक्का,

पाया पडतो. हा कागद दाजींना देऊ नको, तूच वाच. अवघड काही घातलं नाही. तुझं नाव तेवढं अवघड, पण ते तुला येतंच.

पाणी खारट आहे. खोली गळते. मुलांनी माझे जोडे तीन वेळा लपवले. रविवारी भांडण होतं. तू विचारलंस ते सगळं खरं निघालं.

बी.ए.चा कागद भिंतीवर लावला आहे. दर गुरुवारी हळदकुंकू मीच लावतो. शेजारी विचारतात, हा कोणता देव? मी सांगतो, देव नाही, बहीण.

परवा पावसात शाळेची पायरी उतरताना पडलो. गुडघा नारळाएवढा सुजला. बी.ए.चा काही उपयोग झाला नाही. मग हरजीवनशेठ हसत हसत एक डबी घेऊन आले. आतला कागद बघितला, तर मजकूर चौकटीतला तोच! दोन दिवस चोळलं, सूज उतरली. तुझे सात गुरुवार वाया गेले नाहीत.

डबीवर घोडा काढला आहे. पण गाढवालाही गुण येतो.

तुझा,
बापू