दिवसा झोपणाऱ्या बाईचा कूलर

पातळ पत्र्याचं काम मला येतं. हे मी लाजत-मुरकत सांगणार नाही, कारण उभं आयुष्य त्यात गेलं आहे. जबलपुरातल्या निम्म्या हॉटेलांचा धूर माझ्या हातच्या हुडातून बाहेर जातो. निम्म्या म्हटलं की बायको म्हणते, "फेकून राहिले तुम्ही." बरं, पाव धरा. पण कापलेली कड आणि मारलेली घडी पाहून ती माझी आहे की दुसऱ्या कोणाची, हे मी झोपेतही सांगेन.

आणि घरचा कूलर? तो उरलेल्या तुकड्यांतून एका दुपारी घाईघाईत ठोकलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बायको एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी तिनं स्वतः मागून घेतली. रात्री अख्खा वॉर्ड तिच्या एकटीच्या हातात असतो आणि तिला ते मनापासून आवडतं. सकाळी आठला घरी येते, चार घास खाते आणि आडवी होते. मे महिन्यात दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसा कूलरशिवाय झोपायचं म्हणजे नावच काढू नका. कूलर लावला की खडखड, बंद केला की भट्टी. बिचारी दिवसभर एकदा बटण दाबायची, एकदा कूस बदलायची. मी दिवसभर कारखान्यात असायचो, मला कशाला ऐकू येतंय!

एका सकाळी साडेनऊ झाले तरी ती आली नाही. फोन केला तर म्हणाली, "पार गावाबाहेर, तिलवाऱ्याच्या पुलावर आहे जी. ऑटोत डोळा लागला, कोणी उठवलंच नाही." मी पोट धरून हसलो. घरी आली तेव्हा ती मात्र हसत नव्हती.

"आज ऑटोत झोपली. उद्या वॉर्डात झोपली आणि कोणाला काही झालं तर? महिनाअखेर नोकरी सोडते मी."

"हट्! एका कूलरपायी नोकरी सोडतात का?" मी म्हटलं. "दोन दिवस दे मला."

आधी मी मोटरवर संशय घेतला. तेल दिलं, खालचे रबर बदलले. खडखड तशीच. मग मला राग आला, आणि राग आला की मी काम मोठं करतो. रविवारी अख्खी नवी बॉडी बनवली, दुप्पट जाड पत्र्याची. जाड पत्रा कशाला वाजतो! सोमवारी सकाळी शेजाऱ्याच्या मदतीनं ती खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढवली. बटण दाबलं. आधी थाळी वाजायची, आता ढोल वाजू लागला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

बायको लाल डोळ्यांनी बाहेर आली. तिनं कूलरच्या वरच्या पत्र्यावर, अगदी मधोमध, तळहात ठेवला. आवाज बंद. हात उचलला, पुन्हा सुरू. परत ठेवला, परत बंद.

"मोटरला काहून शिव्या देऊन राहिले? दुखणं इथं आहे."

मला अस्सा राग आला म्हणून सांगू! तिच्यावर नाही, स्वतःवर. डबा न घेताच कारखान्यात निघून आलो.

त्या दिवशी एका दुकानाच्या थंड हवेच्या नळकांड्यांचं काम चालू होतं. त्यांचे पत्रे सपाट ठेवत नाहीत. प्रत्येक पत्र्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या हलक्या घड्या मारतात, म्हणजे मध्यभाग किंचित फुगतो, ताठ होतो आणि हवेनं थरथरत नाही. वर्षानुवर्षं मी हे करत आलो. आणि घरच्या कूलरच्या डोक्यावर सपाट पत्रा! अरे माणसा, तुझं डोकं कुठं होतं?

लगेच नवा पत्रा कापला. पेन्सिलनं रेघा मारल्या, कारण टोकदार सळईनं ओरखडा काढला की जस्त निघतं आणि तिथूनच गंज लागतो. पत्रा मशीनमध्ये धरला आणि दाबला. जास्त दाबला. घडी खोल गेली, कडा आत ओढल्या गेल्या, कोपरे उचलले. शेजारच्या मशीनवरचा माझा जुना सोबती मान न उचलता म्हणाला, "भैया, गुस्सा उतार के आओ, फिर दबाना."

नळावर जाऊन तोंड धुतलं. दुसरा पत्रा घेतला. या वेळी दाबला म्हणण्यापेक्षा नुसता टेकवला. बोटाच्या पेरानं मधोमध वाजवून पाहिलं. ठप्. बस, एवढंच ऐकायचं होतं मला. संध्याकाळी घरी तो पत्रा कूलरवर बसवला, सांध्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या आणि समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीनं रिबिटी मारल्या, म्हणजे पत्रा एकीकडे ताणला जाणार नाही. बटण दाबलं. नुसती हवा आणि पाणी ठिबकल्याचा आवाज. बायको ड्यूटीला निघाली होती. "चलो, उद्या कळेल," एवढंच म्हणाली. कौतुक करायला तिचं काय जात होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी कारखान्याची लाईट गेली आणि मी दोनलाच घरी आलो. दाराला आतून कडी. हात उचलला आणि तसाच राहिला. आतून कूलरची हवा ऐकू येत होती, आणि तिच्यासोबत बायकोचं घोरणं. चांगलं मोठं, सुखाचं.

समोरच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, "भाऊजी, उन्हात काहून उभे? वाजवा ना कडी!" मी तोंडावर बोट ठेवलं. पायरी तव्यासारखी तापली होती. रुमाल टाकून तिच्यावर बसलो. घाम पाठीवरून कमरेपर्यंत उतरला. इतका आनंद मला कोणत्याही हुडानं दिला नव्हता, खरं सांगतो.

पाचला कडी निघाली. तिच्या गालावर उशीचे वळ होते.

"नोकरी नाही सोडत मी," ती जांभई देत म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई, केवढे लाल झाले! कधीचे बसले इथं?"

"आत्ताच आलो," मी म्हटलं.