उजवा कौल

गंगाराम गुरव कौल लावायला उभा राहिला की वाडी श्वास रोखून बघायची. जयगडच्या खाडीवरल्या त्या देवळात त्याच्या घराण्याची ही चौथी पिढी. दोन्ही हातांनी एकदम दोन ओल्या पाकळ्या देवीच्या छातीवर चिकटवायच्या. देवीची उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माणूस तिरसट, पण पाकळी मुद्दाम सैल लावली असं त्याचा वैरीही म्हणणार नाही.

त्याला प्रेशर होतं. सून दर्शना गावची आशाताई, सरकारची आरोग्य स्वयंसेविका. तिनेच दंडाला पट्टा बांधून एकशे ऐंशीचा आकडा पकडला, सरकारी दवाखान्यातून गोळी सुरू करून दिली. दोन महिन्यांत आकडा उतरला.

"मना कायच होत नाय गो, मग गोळी कशाला?"

"बाबा, गोळी घेताय म्हणूनच होत नाय."

ऐकेल तो गंगाराम कसला! त्याने देवीलाच विचारलं, गोळी सोडू काय? उजवी पडली. झालं, गोळी सुटली! देव तारी त्याला कोण मारी म्हणतात खरं, पण औषधाचं देवाला विचारावं असं कुठल्या शहाण्याने सांगितलंय?

शिमगा झाला आणि ते सुरू झालं. उजवी. पुन्हा उजवी. मुलीचं लग्न, बोअरिंगचं पाणी, मुंबईची नोकरी, सगळ्याला होकार. लोक खूश, देवळात नारळांचा ढीग. मग एका मंगळवारी दोघे भाऊ आले. थोरल्याने विचारलं, सामाईक बांध फोडू काय? उजवी. धाकट्याने विचारलं, बांध राखू काय? उजवी. आता बोला!

गंगारामच्या अंगावर सर्रकन काटा आला. चाळीस वर्षं तोंडावर नाही म्हणणाऱ्या देवीचं 'नाही' गेलं कुठे? त्याला वाटलं, देवी इथून उठून गेली आहे, आणि दगडाआडून दुसरंच कोणीतरी हो हो म्हणतंय. कानात धप् धप् वाजत होतं. तो भ्याला.

दर्शना उंबऱ्याबाहेर उभी होती. सगळे पाकळ्या बघत होते, ती सासऱ्याचे हात बघत होती. देवीची उजवी बाजू म्हणजे समोरच्याचा डावा हात. तो हात पाकळी दाबतच नव्हता, नुसता टेकवत होता. तीच पाकळी आधी पडणार, दुसरं काय! तिने त्याला बाहेर बोलावलं.

"बाबा, माझी बोटं दाबा. दोन्ही हातांनी."

उजव्याने तिला कळ आणली. डाव्याची पकड जाणवलीच नाही. पिशवीतलं यंत्र बांधलं, तर आकडा दोनशे दहा.

"अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, बाबा. दुसरा आला तर वाचायचे नाय तुम्ही. तुमचा लेक रितेश गाडी काढतोय, रत्नागिरीला चला. आत्ताच!"

"देवीला विचारल्याबिगर नाय." तो पुन्हा आत गेला, पाकळ्या भिजवल्या. "आई, घरीच ऱ्हाऊ ना मी?"

पाकळ्या लागल्या. उजवी सरकू लागली.

त्या गाभाऱ्यात बाईने पाऊल टाकायचं नाही, ही गावची रीत. दर्शना उंबरा ओलांडून आत गेली आणि घसरत्या पाकळीवर तिने अंगठा दाबून धरला. बाहेर कोणीतरी किंचाळलं.

"पडू देणार नाय मी हिला," ती रडत ओरडली. "आधी गाडीत बसा!"

गंगारामने शिवी द्यायला तोंड उघडलं. शब्द आला तो वाकडा, अर्धवट, त्याचा त्यालाच परका. कोणालाच कळला नाही. तो देवीकडे बघत राहिला, मग सुनेच्या अंगठ्याकडे. तिच्या हातात हात द्यावा म्हणून त्याने डावा हात उचलू पाहिला, पण तो उचललाच गेला नाही.